चिंचोक्यांची शाळा

आमचा नातू पाच वर्षांचा. घरी पाहुणे आले की त्याची परीक्षा ठरलेली. “म्हण रे शंभरापर्यंत!” असे म्हणायचा अवकाश, की स्वारी जी सुटते ती शंभराला पोहोचूनच दम घेते. पाहुणे वाहवा करतात आणि आजी म्हणून माझी मान उगाचच ताठ होते.

गेल्या मार्चमधली गोष्ट. आवारातल्या झाडाखाली मी चिंच फोडीत बसले होते. सहज म्हटले, “बाळ, मला सात चिंचोके दे पाहू.” त्याने ओंजळ भरून माझ्या पुढ्यात ओतली. म्हटले, “मोज बरं.” तोंडाने आकडे भराभर धावू लागले, बोट मात्र मागेच रेंगाळले. तो सत्तावीसपर्यंत गेला. पुढ्यात चिंचोके होते चौदा!

मला हसू आले नाही. चाळीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. याची आई, म्हणजे माझी लेक, तेव्हा सहा वर्षांची होती. पाटीवर सात आणि पाच यांची बेरीज पुन्हा पुन्हा चुकत होती. स्वयंपाक खोळंबला होता. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ती बेरीज तिला त्या दिवशी आली की नाही, आठवत नाही. पण पुढे दहावीपर्यंत गणिताचा पेपर म्हटला की तिच्या पोटात कळ यायची. आज एवढी शिकली, नोकरी करते; पण हिशेबाचा कागद दिसला की मुकाट्याने जावईबापूंकडे सरकवते. तो धपाटा माझ्या खात्यावर अजून बाकी आहे.

मनाशी म्हटले, या खेपेस घाई करायची नाही.

वाट मात्र मला नव्याने शोधावी लागली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती केव्हाच घालून ठेवली आहे. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीबाईंची साधने सुबक खरी, पण महागडी. वारल्यांच्या पाड्यावर ती आणायची कुठून? तेव्हा खडे, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंनाच या बायकांनी साधने केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच वर्ग भरवला, ती कुरणशाळा. १९७५ साली सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

आमची अंगणवाडी चिंचेखाली भरली. पहिला खेळ जेवणावळीचा. पिंपळाची पाने ओळीने मांडायची आणि प्रत्येक पानावर एकच चिंचोका वाढायचा. कुणाला दोनदा नाही, कुणी उपाशी नाही. आठवडाभरात बोट आणि तोंड बरोबर चालू लागले. मग बेलाच्या डहाळीवर तीन दले शोधली, एकेरी जास्वंदीच्या पाच पाकळ्या शोधल्या. काड्या लहानापासून मोठ्यापर्यंत उभ्या केल्या.

एकदा मी खड्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. सहा आणि सहा. त्याच्यादेखत एक ओळ पसरून लांब केली. “आता कुठे जास्त?” त्याने बेधडक लांब ओळीवर बोट ठेवले. वाचकहो, रागावू नका. हा मठ्ठपणा नव्हे. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने हेच मांडून दाखवले आहे. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाच्या डोळ्यांना लांबी दिसते, संख्या दिसत नाही. ती सांगून कळत नाही. शंभरदा मांडून आणि मोडून कळते. माझी लेक पाटीशी रडत होती, तेव्हा तिला हे मांडणे-मोडणेच मिळाले नव्हते.

आपल्या मराठीत आणखी एक पेच आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस मागून. लिहिताना नेमके उलट. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे म्हणायची सोय दिली, तर केवढा गदारोळ उठला! आम्ही वादात न पडता झाडूचे हीर घेतले. दहा-दहांच्या जुड्या दोऱ्याने बांधल्या. दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या म्हणजे पंचवीस. तीन जुड्यांतली एक काडी काढली की एकोणतीस. शब्दाचा अर्थच मुळी ‘एक उणे तीस’. तो हाताला कळला आणि मग तोंडाला आवडला.

एक मात्र सांगते. आम्ही लहानपणी गुंजा आणि बिट्ट्या खुशाल खेळलो, पण दोन्ही विषारी. मुलांच्या हाती देऊ नका. अगदी तान्ह्यांपासून तर चिंचोकेही दूरच बरे, घशात अडकतात.

आता दिवाळीचा किल्ला चालला आहे. परवा लेक कामावरून आली ती तशीच मातीत बसली. नातवाने बुरुजाखाली सात पायऱ्या केल्या होत्या, दरवाजाशी पाच. “आई, सगळ्या मिळून किती गं?”

ती क्षणभर गप्प झाली. मग तिने खडे उचलले आणि एकेका पायरीवर एकेक ठेवीत गेली. नातू शेजारी बसून मोजत होता. दहा खडे झाल्यावर दोन उरले. “बारा!” दोघे एकदमच ओरडली.

हात झटकत ती माझ्याकडे वळली. “आई, मला तेव्हा असं का नाही शिकवलंस?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिसरा बुरूज अजून व्हायचा होता. मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी मातीत बसले.