नवा तारा ओळखावा कसा?

आकाशात नवा तारा उजळला की तो प्रथम कुणा वेधशाळेतल्या पंडितालाच दिसत असणार, असे आपण धरून चालतो. पण १९४६ च्या फेब्रुवारीत उत्तर मुकुट या तारकापुंजात तारा उजळला, तेव्हा तो प्रथम पाहणारांत कामेनचुक नावाचे सोव्हिएट रशियातील एक रेल्वे कामगार होते. त्यांना मुकुटाची ओळख होती, म्हणूनच त्यातला पाहुणा कळला.

‘नवा’ हे नाव मात्र फसवे आहे. तारा जुनाच असतो, आणि एक नसून दोन असतात. एक फुगलेला तांबडा, दुसरा लहान पण अतिशय घन असा श्वेतबटू. सुमारे २२८ दिवसांत ते एकमेकांभोवती फिरतात. तांबड्याचा हायड्रोजन वायू बटूवर साचत जातो. थर पुरेसा दाटला की अणुस्फोट होतो. बटू शाबूत राहतो आणि साठवण पुन्हा सुरू होते. हा तारा १८६६ सालीही असाच उजळला होता. अंतर ऐंशी वर्षांचे! म्हणूनच २०२४ पासून जगभरच्या निरीक्षकांनी तिकडे डोळे लावले.

अमेरिकेतील हौशी निरीक्षक लेस्ली पेल्टिअर यांनी या ताऱ्यावर पंचवीस वर्षे पहारा केला. नेमक्या त्या रात्री पडसे येतेसे वाटून ते परत अंथरुणात शिरले. पाळी चुकली!

पहारा करावयाचा तो असा. वैशाखात रात्री दहाच्या सुमारास पूर्वेकडे वर तांबूस स्वाती दिसते, ईशान्येला खाली अभिजित. स्वातीकडून अभिजिताकडे निघा. तिसरा हिस्सा वाट सरली की सात ताऱ्यांचे अर्धे कडे लागते. तोच मुकुट. त्यात अल्फेका सर्वांत तेजस्वी. नेहमी दुर्बिणीविना न दिसणारा आपला तारा मुकुटाच्या शौरीकडील टोकाशी, कड्याच्या जरा बाहेर आहे. महिनाभर नुसते कडे पाहून पाठ करा. (हा खर्च कोणत्याही पगारात बसतो.)

एखाद्या रात्री तेथे अल्फेकाच्या तोडीचा तारा दिसला, तर धावू नका. सरकत असेल तर ते विमान किंवा कृत्रिम उपग्रह. ग्रह म्हणाल, तर त्यांची वाट मुकुटातून जातच नाही. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. जागा तीच असेल तर वेळ व तेज टिपून जवळच्या खगोल मंडळास त्याच रात्री कळवा. आठवड्याभरात तो साध्या डोळ्यांना दिसेनासा होतो.