धोबीतलावावरचें रॉक संगीत

यंदाच्या सहलींत मुंबईस सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या पाठीमागून जात असतां, रंगभवन नांवाच्या खुल्या नाट्यगृहाच्या फाटकाशीं आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "सर, येथें काय होत असे?" "रॉक संगीत," एवढेंच आम्ही त्या गर्दींत बोलूं शकलों. राहिलेलें उत्तर येथें देत आहों.

रॉक संगीतांतील गिटारीचा स्वर लाकडाच्या पोकळींतून निघत नाहीं. तारेखालीं चुंबक असतो. तारेच्या कंपनानें तेथें विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, तो यंत्रांत वाढून कर्ण्यांतून बाहेर पडतो. जोडीस खर्जाची बास गिटार व ड्रम्स. अशा चार-पांच जणांच्या मंडळीस बँड म्हणतात. हें संगीत मुळांतच मोठ्या आवाजाचें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सारी हकीकत त्या आवाजाचीच आहे.

धोबीतलावाचा आणि पाश्चात्य संगीताचा संबंध जुना आहे. गोमंतकाच्या गांवोगांवचे लोक जहाजावरील नोकरीच्या शोधांत येत व तेथील 'कूड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोल्यांत उतरत. गोव्यांत चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकवीत असल्यामुळें त्यांत वादकही पुष्कळ असत. १८६५ सालीं स्थापन झालेलें फुर्ताडो ह्यांचें वाद्यांचें दुकानही तेथेंच, जेर महालांत.

'सिमला' सिगारेटींच्या कारखानदारांनीं भरविलेल्या बँडांच्या स्पर्धेच्या ध्वनिमुद्रिका १९७० व १९७१ सालीं निघाल्या. (तंबाखू खपविण्यासाठीं कलेस आश्रय मिळावा, हें आम्हांस अद्याप खटकतें.) १९७२ सालीं लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट कुलाब्याच्या एका लहानशा नृत्यगृहांत अचानक वाजवून गेले. १९८० सालीं 'द पोलीस' हा इंग्रज बँड रंगभवनांतच वाजला.

परंतु आमचे बँड बहुधा परक्यांचींच गाणीं वाजवीत. १९८४ सालीं निघालेल्या 'रॉक मशीन' ह्या मुंबईच्या बँडनें तो क्रम मोडला. १९८८ सालीं त्यानें स्वतःच्या गाण्यांची ध्वनिफीत काढली, व १९९३ सालीं 'इंडस क्रीड' असें नांव घेतलें. १९८६ सालीं फरहाद वाडिया ह्यांनीं 'इंडिपेंडन्स रॉक' हा उत्सव सुरू केला. तो स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरे, व पुढें रंगभवन हेंच त्याचें घर झालें.

आम्ही तेथें गेलों ते नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, महाविद्यालयांत असतांना. पायऱ्यांवर दाटीवाटीनें बसावें, श्रावणाची सर अंगावर घ्यावी, आणि शेवटच्या लोकलसाठीं धांवत सुटावें. एखाद्या बँडनें स्वतःचें गाणें आरंभिलें कीं "ओळखीचें वाजवा!" असा मागून ओरडा होई. ओरडणाऱ्यांत आम्हीही होतों, हें कबूल केलें पाहिजे. आमचा एक सोबती उसन्या गिटारीवर वाजवीत असे. तार तुटली तर नवी घेण्यापुरते पैसे जमेपर्यंत पांच तारांवरच त्याचें चाले.

२००० सालीं केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयें, शिक्षणसंस्था व न्यायालयें ह्यांच्या भोंवतालचे निदान शंभर मीटर हें शांतता क्षेत्र ठरलें. रंगभवनाच्या एका अंगास कामा रुग्णालय, दुसऱ्या अंगास महाविद्यालय. कांहीं वर्षांतच तेथील गिटारी थांबल्या. आम्ही फार रागावलों होतों. पुढें आमच्या मातोश्री एका रुग्णालयांत असतां खिडकीबाहेर रात्रभर वरातीचा कर्णा वाजत होता, आणि त्या पहाटे आमचा राग बराचसा निवाला. नियम चुकीचा होता असें आतां म्हणवत नाहीं. रंगभवनाच्या बदल्यांत तशीच स्वस्त जागा मुलांस कोणीं दिली नाहीं, एवढेंच आमचें गाऱ्हाणें आहे. लोअर परळच्या गिरणीच्या आवारांत २००७ सालीं 'ब्लू फ्रॉग' निघालें, तेंही २०१६ सालीं मिटलें. आणि तें असतांनाही मद्य विकणाऱ्या त्या जागीं शाळकरी मुलगा कसा जाणार?

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याचाही एक बँड आहे, हें आम्हांस परतीच्या गाडींत समजलें. आमची शाळाही शांतता क्षेत्रांतच येते. शनिवारीं दुपारीं तो व त्याचे तिघे मित्र प्रयोगशाळेमागील खोलींत खिडक्या लावून वाजवितात. मोठ्या ड्रमच्या पोटांत जुनी चादर कोंबावी, असें आम्हीं त्यांस सुचविलें आहे.