स्वयंसेवक का सोडून जातात? निलंग्यात चुकलेला माझा प्रश्न

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा. या टप्प्यावर असाल तर विषय आपला पक्का ठरलाय असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटत होतं. 'निलंगा तालुक्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत मुलांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांची प्रेरणा : एक अभ्यास.' शीर्षक कुणाला खटकलं नाही. पायलट स्टडी संपेपर्यंत मलाही नाही.

ज्यांनी संडे स्कूल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोठ्यांची उपासना चालू असते तेव्हा मुलं बाजूच्या खोलीत, नाहीतर सरळ बाहेर झाडाखाली बसतात. एक गोष्ट, दोन गाणी, एखादं वचन पाठ. डिसेंबरात नाताळचं नाटक, मे महिन्यात आठवडाभराची व्हीबीएस, म्हणजे सुटीतली बायबल शाळा. शिकवणाऱ्याला मुलं 'टीचर' म्हणतात, पण हे टीचर म्हणजे अकरावी-बारावी झालेली, नाहीतर कॉलेजात जाणारी पोरंपोरी. पगार नाही. गंमत म्हणजे ही पद्धत सुरू झाली ती पगारावरच. 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्र चालवणाऱ्या माणसाने कामाला जाणाऱ्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली, तेव्हा शिकवणाऱ्या बायकांना तो पैसे देत असे. विनामोबदला शिकवणारे नंतर आले, आणि मग तेच नेहमीचं झालं.

तर माझा प्रश्न होता की हे स्वयंसेवक टिकत का नाहीत. उत्तर 'प्रेरणा' या शब्दात असणार हे मी गृहीत धरलं होतं, कारण प्रेरणा मोजायचं माप तयार मिळतं. क्लॅरी, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडलेली प्रश्नावली या क्षेत्रात सगळीकडे वापरली जाते. 30 विधानं, प्रत्येकाला 1 ते 7 गुण, आणि त्यातून स्वयंसेवेच्या सहा प्रेरणा निघतात : मूल्यं, शिकण्याची इच्छा, आपल्या माणसांचा आग्रह, करिअर, स्वतःच्या अडचणींपासून सुटका आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. मी मराठी भाषांतर केलं, झेरॉक्स काढल्या आणि वाटल्या.

पहिला धक्का भाषांतराचा. मूल्यांच्या विधानांत मी 'सेवा' शब्द घातला होता. मंडळीत बसून, पाळक शेजारच्या खोलीत असताना, सेवेच्या वाक्याला 7 पैकी 3 कोण देईल? सगळ्यांनी 6 नाहीतर 7 दिले. सगळेच वरच्या टोकाला चिकटले की माणसामाणसातला फरक दिसत नाही, आणि फरक दिसत नसेल तर त्या मापाचा उपयोग नाही. करिअरच्या भागात एक विधान साधारण असं आहे की हा अनुभव बायोडाटात चांगला दिसेल. त्यावर दोन मुली हसायलाच लागल्या. बायोडाटा म्हटल्यावर आपल्याकडे आधी लग्नाचाच आठवतो ना! उलट भाषांतराची पद्धत, म्हणजे मराठीतून दुसऱ्याने परत इंग्रजी करून ताडून पाहणं, ब्रिस्लिन यांनी 1970 मध्येच सांगितली आहे. तिने काही चुका पकडल्या असत्या. ही मात्र नसती पकडली, कारण शब्द बरोबर होता, फक्त गावात त्याचा अर्थ वेगळा होता. म्हणून आधी चार जणांना विधानं मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, 'याचा अर्थ तुम्ही काय घेतला?'

खरी चूक याहून मोठी होती. मी प्रश्नावली कोणाला दिली? जे त्या रविवारी हजर होते त्यांना. म्हणजे 'का सोडून जातात' हे मी न सोडलेल्यांना विचारत होते. याला निवडीचा दोष म्हणतात हे पेटच्या अभ्यासात मी पाठ केलं होतं. पाठ असणं आणि आपल्या कागदावर तो ओळखता येणं, यात बरंच अंतर निघालं.

सुदैवाने मंडळीच्या कपाटात टीचरांच्या हजेरीच्या जुन्या वह्या होत्या. त्या चाळताना दिसलं की बहुतेक नावं जूनमध्ये थांबतात. जूनमध्ये काय होतं हे इथल्या कुणालाही विचारा. दहावी-बारावी झालेली पोरं लातूरला क्लासेसला जातात, 'लातूर पॅटर्न'चा रस्ता इथूनच जातो. कुणी भरतीच्या तयारीला बाहेर पडतं, कुणी पुण्याला. काही मुलींची मे महिन्यात लग्नं झालेली असतात. यात प्रेरणा कमी होण्याचा संबंधच नव्हता. वय आणि वेळापत्रक यांचा होता, आणि तो दरवर्षी आधीपासून माहीत असतो.

मग नोव्हेंबरमध्ये थांबलेलं एक नाव दिसलं. (निलंगा एवढंसं गाव आहे, नुसतं नाव बदलून ओळख लपत नाही. म्हणून महिना आणि इतर काही खुणाही मी बदलल्या आहेत. तुम्हीही प्रबंधात हे करा.) या मुलीच्या नावापुढे मी पायलटच्या वेळी ऐकीव माहितीवरून 'बांधिलकी कमी' असं कोडिंग करून टाकलं होतं. तिला जाऊन भेटले. तिची जोडीदार जूनमध्ये गेली, तेव्हापासून लहान आणि मोठे असे दोन्ही गट ती एकटीच सांभाळत होती. माणूस द्या म्हणून तिने तीनदा सांगितलं. 'बघू' म्हणाले. ''पोरं तर यायलेत ताई, पण एकटीनं किती दिवस बघायचं? एक पोरगं पडलं, डोकं फुटलं, तर माझ्याच नावावर ना?'' प्रेरणा भरपूर होती तिच्याकडे. अजूनही मुलं रस्त्यात भेटली की वचन विचारते. मी ते कोड खोडलं, आणि प्रबंधाचं शीर्षकही.

या वळणावर मला ज्या अभ्यासाने हात दिला तो चर्चचा नाही. विषयाच्या नावानेच संदर्भ शोधत बसलात तर असे अभ्यास सापडणार नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते. मुंबई आणि वडोदरा इथे 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांनी केला. तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुणी. शाळेत मागे पडलेली 15 ते 20 मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची. सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला 500 ते 750 रुपये. पहिल्या वर्षी मुलांचे गुण सरासरी 0.14 प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी 0.28 ने. सगळे हेच आकडे सांगतात. माझ्या कामाचं वाक्य दुसरीकडे होतं : एक बालसखी सरासरी वर्षभरच टिकायची, लग्न झालं किंवा दुसरी नोकरी लागली की जायची. आणि लेखक हे कार्यक्रमाचं अपयश मानत नाहीत. उलट, यश मोजक्या जिद्दी व्यक्तींवर अवलंबून नव्हतं याचा तो पुरावा म्हणून मांडतात. नवीन मुलगी आली की तिला प्रशिक्षण होतं, ठरलेला अभ्यासक्रम होता, विचारायला वर कुणीतरी होतं.

म्हणजे मी 'किती जण गेले' मोजत होते, आणि मोजायला हवं होतं ते एक जण गेल्यावर पुढच्या रविवारी काय होतं ते. वर्ग भरतो का? कुठली गोष्ट झाली, कुठल्या मुलाला वाचता येत नाही, कुणाला फिट येते, हे नव्या टीचरला कोण सांगतं? अभ्यासाचं एकक आता स्वयंसेवक नाही, वर्ग आहे.

मानधन दिलं तर टिकतील, असं पाळकांपासून गाईडपर्यंत सगळ्यांनी सुचवलं. जपून. ग्निझी आणि रुस्टिकिनी यांचा 2000 सालचा प्रयोग वाचा. इस्राएलमध्ये शाळकरी मुलं दारोदार देणग्या गोळा करत होती. एका गटाला काहीच नाही, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या 1 टक्का, तिसऱ्याला 10 टक्के. सर्वांत जास्त रक्कम फुकट काम करणाऱ्यांनी आणली, सर्वांत कमी 1 टक्कावाल्यांनी. बालसखीला पैसे मिळत होते आणि काम झालं, हेही खरंच. पण थोडेसे पैसे टेकवणं हे माझ्या मते सर्वांत वाईट. त्या मुलीला पैसे नकोच होते, तिला दुसरा माणूस हवा होता.

माणूस हवा याला आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्या संमतीपत्रकाशी जोडलेलं आहे. मुलांजवळ एकच मोठी व्यक्ती कधी असू नये, हे मुलांच्या आणि टीचरच्याही सुरक्षिततेसाठी. आणि आपण संमतीपत्रकात बेधडक लिहितो, 'तुम्ही सांगाल ते गुप्त राहील.' असं लिहू नका. पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला माहीत असेल किंवा तो होण्याची शंका ज्याला येईल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम 21 नुसार शिक्षा आहे. संशोधक म्हणून त्यातून सूट नाही. तेव्हा गुप्ततेची मर्यादा मुलाखतीच्या आधीच तोंडी सांगा आणि लिहूनही ठेवा. टीचर स्वतः 17 वर्षांची असेल तर तिच्या पालकांची संमती वेगळी घ्यावी लागते. माझ्या पहिल्या पत्रकात यातलं काहीच नव्हतं.

आता मुलाखतीत पहिला प्रश्न असा आहे : 'मागच्या वेळी तुम्हाला एका रविवारी येता आलं नाही, तेव्हा वर्ग कोणी घेतला?' आतापर्यंत बऱ्याच जणांनी उत्तर देण्याआधी थोडा वेळ घेतलाय. तो वेळही मी वहीत लिहून ठेवते. यादीत सोडून गेलेल्यांची नावं सर्वांत वर आहेत. त्यातल्या निम्म्यांना भेटायला लातूरच्या एस.टी.त बसावं लागणार आहे, आणि तेही दुपारी, क्लास सुटल्यावर.