वामकुक्षी डाव्याच कुशीवर का?

सणाच्या दिवशी पुरणपोळीवर ताव मारून तुम्ही आडवे झालात आणि थोड्याच वेळात छातीत जळजळू लागले, घशाशी आंबट पाणी आले, असे कधी झाले आहे का? घरात लगेच कोणीतरी म्हणते, "पित्त झालं!" परंतु पित्त हा यकृतात तयार होणारा रस. घशाशी येते ते बहुधा जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतील बाटलीत असते तेच! विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरांनी १८२४ साली ते जठररसात ओळखले.

हे आम्ल आपले शत्रू नव्हे. प्रथिनांच्या पचनाला ते मदत करते आणि अन्नाबरोबर आलेले पुष्कळसे जंतू मारते. जठराच्या आतील भिंतीवर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असल्यामुळे तिला इजा होत नाही. अन्ननलिकेला मात्र असे कवच नाही. या दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. घास खाली जाताना ते उघडते व पुन्हा मिटते. पोट तडस लागेपर्यंत भरले किंवा कडे सैल पडले, की आम्ल वर चढते.

आता एक सोपा प्रयोग करा. चहाच्या किटलीत निम्म्यापर्यंत गार पाणी घ्या. किटली तोटीच्या बाजूला कलती करा. पाणी बाहेर येईल. उलट बाजूला थोडी कलती करा. तोटीतून थेंबही पडणार नाही. जठराचा मोठा भाग शरीरात डावीकडे असतो. डाव्या कुशीवर निजले की आम्ल खाली राहते आणि अन्ननलिकेचे तोंड वर. उजव्या कुशीवर नेमके उलटे होते. 'वाम' म्हणजे डावी, 'कुक्षी' म्हणजे कूस. नावातच युक्ती आहे!

तरीही जेवल्याबरोबर निजू नये. शतपावली करावी, रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी, बेताचे घ्यावे. तळकट पदार्थ जठरात जास्त वेळ राहतात, म्हणून ते कमी खावेत. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवल्यानेही आराम पडतो.

मग दूध आणि खाण्याचा सोडा? दुधाने क्षणभर बरे वाटते, पण त्यातील प्रथिने व कॅल्शियम यांमुळे पुन्हा आम्ल पाझरते. सोड्याने आम्ल उदासीन होते, परंतु कार्बन डायऑक्साइड वायू निघून पोट फुगते. शिवाय त्यात सोडियम असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी तो स्वतःच्या मनाने घेऊ नये.

एक गोष्ट मात्र घरी सर्वांना सांगा. छातीत दुखून घाम फुटला, धाप लागली किंवा कळ हातात अथवा जबड्यात गेली, तर "पित्त असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी तडक रुग्णालय गाठा.