बीसी ५४७ आणि रिलेची ‘टक’

आर्डुइनोची पिन ५ व्होल्टची, आणि तिच्यातून बिनघोर घ्यावा असा प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आसपास. छोट्या निळ्या रिलेची कॉइल मात्र मागते १२ व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअर. म्हणजे रिले थेट पिनला जोडून चालणार नाही. मध्ये एक ट्रान्झिस्टर घातला की काम होतं, आणि तो कटिंग चहापेक्षा स्वस्त मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ‘पाचशे सत्तेचाळीस’ एवढंच म्हटलं तरी दुकानदाराला कळतं.

पाय ओळखणं

बीसी ५४७ ची सपाट, अक्षरं छापलेली बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो. प्लॅस्टिकमधल्या २२२२ किंवा ३९०४ मध्ये हाच क्रम सहसा उलटा असतो. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा सरळ खोचू नका. शंका आली तर मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि लाल टोक बेसला लावा. काळं टोक उरलेल्या दोन्ही पायांवर आळीपाळीने टेकवलं की दोन्हीकडे ०.६ ते ०.७ च्या आसपास आकडा यायला हवा. एका जरी बाजूला तो आला नाही, तर पाय चुकलाय किंवा ट्रान्झिस्टर गेलाय.

पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद

रेडिओत ट्रान्झिस्टर अधल्यामधल्या अवस्थेत काम करतो. स्विच म्हणून वापरताना नेमकी तीच अवस्था टाळायची. पूर्ण चालू असताना कलेक्टर-एमिटरमध्ये ०.१ ते ०.२ व्होल्टच उरतो. ३० मिलिअँपिअरला त्यातून होणारी उष्णता जेमतेम ३ ते ६ मिलिवॉट. तोच अर्धवट उघडला तर ६ व्होल्ट त्याच्यावर, ६ रिलेवर, आणि उष्णता ९० मिलिवॉट. बीसी ५४७ एवढं सोसतो. पण २ अँपिअरच्या एलईडी पट्टीला असाच अर्धवट स्विच लावला तर ट्रान्झिस्टर इतका तापतो की बोट ठेवता येत नाही.

बेसचा रेझिस्टर

बहुतेक गडबड इथेच होते. डेटाशीटमध्ये बीसी ५४७ चा गेन ११० ते ८०० असा दिलेला असतो. तो पाहून नवशिके हिशेब करतात की ३० मिलिअँपिअरसाठी बेसला पाव मिलिअँपिअर भागेल. पण हा आकडा अधल्यामधल्या अवस्थेतला असतो. शिवाय एकाच पाकिटातले दोन नग सारखे निघत नाहीत. स्विचसाठी गेन १० धरावा, तो कितीही छापलेला असो.

३० मिलिअँपिअरला बेसचा प्रवाह मग ३ मिलिअँपिअर. पिनचे ५ व्होल्ट, त्यातले ०.७ बेस-एमिटरमध्ये जातात, उरतात ४.३. त्याला ०.००३ ने भागलं की सुमारे १,४३३ ओहम. या किमतीचा रेझिस्टर दुकानात मिळत नाही, १.२ के घ्या, किंवा डब्यात हमखास सापडणारा १ के घ्या, तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचा. थोडा जास्त प्रवाह गेला तर बिघडत नाही, कमी गेला तर बिघडतं. बेस आणि ग्राउंडमध्ये १० के टाकला तर आर्डुइनो रीसेट होत असताना बेस लटकत राहत नाही.

रिले कुठे जोडायचा

१२ व्होल्टच्या प्लसपासून रिले, रिलेपासून कलेक्टर, आणि एमिटर थेट ग्राउंडला. रिले एमिटरच्या बाजूला जोडला तर त्याला बेसपेक्षा ०.७ व्होल्ट कमी, म्हणजे ४.३ व्होल्टच मिळतात आणि ‘टक’ येतच नाही. ट्रान्झिस्टर बदलून बदलून लोक थकतात, दोष जागेचा असतो. दुसरी हमखास राहणारी गोष्ट म्हणजे आर्डुइनोचा आणि १२ व्होल्ट सप्लायचा ग्राउंड एकत्र जोडणं.

कॉइलला आडवा ४००७ डायोड लावाच. बंद करताना कॉइल आपला प्रवाह चटकन सोडत नाही, व्होल्टेज उसळतं आणि बीसी ५४७ ची मर्यादा ४५ व्होल्टची आहे. डायोडची पट्टी प्लसकडे हवी. उलटा लागला तर ट्रान्झिस्टर चालू होताक्षणी सप्लाय डायोडमधून शॉर्ट होतो.

अंधार पडला की दिवा

आर्डुइनोशिवायही हा स्विच चालतो. १२ व्होल्टपासून १ के आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० केचा प्रीसेट, तिथून बेसला. बेसपासून ग्राउंडला एलडीआर. उजेडात एलडीआरचा रोध कमी असतो, बेस दबून राहतो. अंधारात रोध वाढतो आणि बेसला प्रवाह मिळतो. तो १ के वगळू नका. नाहीतर प्रीसेट शून्यावर फिरला की बेसवर थेट १२ व्होल्ट येतात.

प्रीसेट १०० केच्या जवळ असेल तर बेसला ०.१ मिलिअँपिअरच मिळतो, रिलेला तो पुरत नाही. म्हणून दोन बीसी ५४७ डार्लिंग्टन जोडीत लावा: दोघांचे कलेक्टर एकत्र, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला. आता चालू व्हायला १.३ व्होल्टच्या आसपास लागतील. दिवा लागल्यावर त्याचाच उजेड एलडीआरवर पडला तर रिले टकटकत राहतो. एलडीआरभोवती काळ्या नळीचा तुकडा चढवून त्याचं तोंड दिव्यापासून वळवा. सुरुवात १२ व्होल्टच्या पट्टीवर करा. २३० व्होल्टला हात घालण्याआधी जाणकार शेजारी असू द्या.

मोठा लोड

१०० मिलिअँपिअर ही बीसी ५४७ ची हद्द. २ अँपिअरच्या पट्टीसाठी मॉसफेट घ्यावा, आणि गेट-ग्राउंडमध्ये १० के. दुकानात आयआरएफझेड ४४ पुढे केला जाईल, पण त्याला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. ५ व्होल्टच्या पिनला आयआरएलझेड ४४ हवा. घेताना त्यातला ‘एल’ स्वतः वाचून घ्या.