शिक्का सोन्यावरचा, हमी कशाची?

‘केडीएमचं आहे, डोळे मिटून घ्या,’ असं बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या सराफी पेढीवर आजही कुणी म्हणालं, तर ग्राहकाला बरं वाटतं. प्रत्यक्षात केडीएम हा शुद्धतेचा शिक्का नाहीच. दागिन्याच्या डाखात कॅडमियम वापरलंय, एवढाच त्याचा अर्थ.

डाख देताना कॅडमियम बरंचसं उडून जातं आणि सोन्याचा कस फारसा उतरत नाही, म्हणून हा शब्द खात्रीचा ठरला. पण 767 अंश सेल्सिअसला उकळणारा हा धातू उडून जातो तो कारागिराच्या श्वासात. धूर जास्त गेला तर काही तासांनी ताप, खोकला, धाप लागते. फुप्फुसांना सूज येऊन जीवही जाऊ शकतो. थोडाथोडा गेला तर तो मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठून राहतो. कॅडमियममुळे कर्करोग होतो, हेही सिद्ध झालं आहे. त्यामुळे हॉलमार्कच्या दागिन्यात त्याला परवानगी नाही.

मग भरवसा कशावर ठेवायचा? भारतीय मानक ब्यूरोच्या हॉलमार्कवर. पण तो वाचून. त्यात तीन खुणा असतात: ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, कस (22 कॅरेटसाठी 916, म्हणजे हजारात 916 भाग सोनं) आणि अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने, तसंच कुंदन, पोलकी आणि जडाऊ यांना मात्र हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे.

कस दोन प्रकारे तपासतात. क्ष-किरणांचं यंत्र काही क्षणांत आकडा देतं, पण फक्त वरच्या पातळ थराचा. जाड मुलामा त्याला फसवू शकतो. खरी कसोटी आगीची. त्यात दागिन्याचा कण काढून शिशाबरोबर भट्टीत तापवतात, हिणकस धातू वेगळे करतात आणि उरलेलं सोनं तोलतात.

शिक्का खोटाही असू शकतो. म्हणून दुकानातच ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये क्रमांक टाकावा. हातात साखळी आणि ॲपवर ‘अंगठी’ दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कस कमी निघाला तर नियमानुसार तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो. 22 कॅरेट म्हणून घेतलेला 10 ग्रॅमचा दागिना 20 कॅरेटचा, म्हणजे 833 चा निघाला, तर तूट 0.83 ग्रॅमची आणि भरपाई 1.66 ग्रॅम सोन्याच्या किमतीएवढी. त्यासाठी निव्वळ वजन, कस आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं लिहिलेलं पक्कं बिल हवं.

हॉलमार्क फक्त कसाची हमी देतो. घडणावळ वाजवी आहे का, खड्यांचं वजन सोन्यात धरलंय का, हे त्यात येत नाही. ते वजनकाट्यासमोर उभं राहूनच विचारावं लागतं.