राजधानी ओठांवर येते, पण आठवत नाही

‘मिझोरामची राजधानी?’ बझरवर हात पडतो आणि नाव ओठांवर येऊन अडतं. आदल्या रात्री तर अठ्ठावीस राज्यांची यादी दहादा वाचलेली असते! सोलापूरच्या शुक्रवार पेठेत प्रश्नमंजूषेची तयारी करणाऱ्या मुलांनो, यात दोष बुद्धीचा नाही, तयारीच्या रीतीचा आहे.

यादी वाचताना ‘ऐझॉल’ समोर दिसतं, म्हणून ते येतंय असं वाटतं. स्पर्धेत ते समोर नसतं. मेंदूला शोधून काढावं लागतं. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हा फरक मोजला. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्याने मात्र त्यातलं ४२ टक्केच उरलं होतं आणि आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. पुढच्याच वर्षी शाना कार्पेंटर आणि हॅरॉल्ड पॅश्लर यांनी नकाशातली एकेक खूण गाळून ‘इथे काय होतं?’ असा सराव करून घेतला. नुसत्या पाहिलेल्या नकाशांपेक्षा असे नकाशे नंतर जास्त अचूक काढता आले.

म्हणून यादी मिटा आणि कोरा नकाशा घ्या. सुरुवात सोलापूरपासून करा. जिल्ह्याची हद्द ओलांडली की कर्नाटक, राजधानी बंगळूरु. त्याला आपल्याशिवाय गोवा, तेलंगणा, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि केरळ लागून आहेत. एका राज्याच्या कडेने फिरलं की पाच राजधान्या जागेवर बसतात. घोळ होतो तिथे कारण शोधा. २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळं झालं, तेव्हा हैदराबाद दहा वर्षांपर्यंत दोन्ही राज्यांची सामायिक राजधानी ठरली. आंध्रची राजधानी अमरावती कृष्णेकाठची, आपली अमरावती विदर्भातली.

शिकलेलं निसटतं, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. उपाय आपल्या पेठांच्या नावांतच आहे: शुक्रवारी शिकलेलं शनिवारी विचारा, मग मंगळवारी, मग पुढच्या शुक्रवारी.

विचारायला आजीही चालते. उत्तरांचा कागद तिच्या हाती द्या. नातवंड अडलं की तिने लगेच सांगू नये, थोडं थांबावं. चुकलंच, तर बरोबर उत्तर तिथल्या तिथे सांगावं. त्या थांबण्यात मूल जे धडपडून शोधतं, तेच बझरच्या वेळी हाताशी येतं.